चिखलातली सुनावणी

आमचे साहेब मेलेल्या माणसांशी भांडत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला ते कळलंच नाही. ते फाईल उघडायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, आधीच्या साहेबांनी सगळा घोळ घालून ठेवलाय. मला वाटायचं, आधीचे साहेब म्हणजे गेल्या वर्षी रिटायर झालेलं कुणीतरी असेल, बोरिवलीला फ्लॅट घेऊन सुखात राहत असेल. मी सहानुभूतीने मान डोलवायचे. मग एकदा चहाच्या वेळी त्यांनी त्या साहेबांच्या घोड्याची गोष्ट काढली, तेव्हा माझा कप हातातच राहिला. आधीचे साहेब म्हणजे इंग्रजी अमलात सरकारी जंगलं पहिल्यांदा आखायला निघालेले गोरे अधिकारी. माझे पणजोबा जन्मायच्या आधीच ते खपले होते. आमच्या साहेबांच्या लेखी मात्र ते शेजारच्या टेबलावरून नुकतेच उठून गेले होते, तेही काम अर्धवट टाकून.

आमचं ऑफिस परळला, एका जुन्या सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. ऑफिस म्हणायचं आपलं. एक खोली, एक पंखा, साहेब आणि मी. साहेब डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले, राहायला दादरला. शिवडीच्या खाडीतलं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान सरकार राखीव जंगल म्हणून जाहीर करणार होतं. त्याआधी त्या जागेत कुणाचा काय हक्क आहे ते ऐकून घ्यायचं आणि लिहायचं, एवढ्यासाठी त्यांना परत बोलावलं होतं. पदाचं नाव भारदस्त, वन जमाबंदी अधिकारी. मी त्यांची टायपिस्ट, कारकून आणि शिपाई आला नाही की शिपाई. मला ते ‘बाई’ म्हणत. लालबागची मी, जीन्स घालून ऑफिसला येणारी, आणि मला बाई! महिनाभर डोकं फिरायचं, मग सवय झाली, आणि आता दुसरं कुणी मॅडम म्हटलं की परकं वाटतं.

मेलेल्यांशी त्यांचं भांडण सरसकट नव्हतं, हे सांगायला हवं. त्यांतले जे सुरुवातीचे होते, जे तंबू आणि घडीचं टेबल बैलगाडीवर घालून गावोगाव फिरले, झाडाखाली बसून लोकांना विचारत राहिले, त्यांच्याबद्दल साहेब आदराने बोलत. राग होता तो नंतरच्यांवर. ते कचेरीत बसले. नोटीस चिकटवली, ठरल्या दिवशी खुर्चीत बसून वाट पाहिली, कोणी आलं नाही म्हणून फाईल मिटली. “तंबू सोडला आणि टेबल ठेवलं,” साहेब म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

लाकडाचं त्यांना वेड होतं. कुणाच्याही ऑफिसात गेले की आधी टेबलावर बोटाने टकटक करणार, मग नमस्कार. शनिवारी ते रे रोडच्या लाकडाच्या वखारींत जात. पाडलेल्या चाळींचे जुने सागवानी वासे तिथे विकायला येतात. साहेब घेत काहीच नसत. वाशावर हात ठेवून उभे राहत. वखारवाल्याला वाटायचं, गिऱ्हाईक आज पटणार, उद्या पटणार. वर्षभराने त्याने नाद सोडला आणि त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं. एकदा मला सोबत नेलं होतं, तेव्हा म्हणाले, “बाई, जहाजांसाठी, रेल्वेसाठी गोऱ्या साहेबांनी एकेक झाड मोजलं. त्या झाडाखालून पाण्याला जाणारी बाई कुणी मोजली नाही.” मला तेव्हा भूक लागली होती आणि त्यांचं काही संपेना.

पण साहेबांची खरी खोड वेगळीच. कुठेही गेले, लग्नाला, बारशाला, मीटिंगला, की चारी बाजूंना नजर फिरवून विचारणार, “कोण आलं नाही?” कोण आलंय यात त्यांना रस नसे. कलेक्टर ऑफिसातल्या एका मोठ्या बैठकीत सगळे अधिकारी हारतुरे घेऊन बसलेले असताना त्यांनी हा प्रश्न विचारला आणि सगळ्यांचे चेहरे पडले, कारण ज्या गावाबद्दल बैठक होती त्या गावातलं एकही माणूस तिथे नव्हतं.

आमच्याही घरी त्यांनी तेच केलं. गणपतीला मी त्यांना बोलावलं. आई खूश, मालवणी पद्धतीचं सगळं साग्रसंगीत. साहेब आरतीला उभे राहिले, प्रसाद घेतला, आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोंबलेल्या माणसांवरून नजर फिरवून म्हणाले, “कोण आलं नाही?” सगळ्यांची नजर छताकडे गेली. कारण वरच्या मजल्यावर राहणारे माझे सख्खे काका आले नव्हते. कुठल्यातरी जुन्या भांडणावरून दोन्ही घरं एकाच जिन्यावरून तोंडं फिरवून जात. आईने सावरून घेतलं, म्हणाली, “तो येवचो नाय, म्हणान आमी बोलवक नाय.”

साहेबांनी मोदक खाली ठेवला. “म्हणजे नोटीसच बजावलेली नाही. मग गैरहजर कसं म्हणता?”

बाबा हसले, मग हसायचे थांबले, मग चपला घालून वर गेले. काका आले. पहिल्यांदा दारातच उभे राहिले, आत या म्हणायला आईला थोडा वेळ लागला, पण ती म्हणाली. आता दरवर्षी आरतीला सगळ्यांत मोठा आवाज काकांचा असतो, आणि तो असह्य आहे.

ही खोड आली कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते एका डोंगराळ तालुक्यात नेमणुकीवर होते. एका म्हाताऱ्याला जंगलात घुसला म्हणून धरून आणलं होतं. तो चालला होता आपल्या देवाला, आजोबा-पणजोबा जात त्याच वाटेने. कागदावर ती वाट नव्हती, कारण जंगल आखलं तेव्हा, तीन पिढ्यांमागे, ठरल्या दिवशी त्या गावातून कचेरीत कोणी गेलं नव्हतं. मुदतीत आला नाही त्याचा हक्क संपला, असा नियम. साहेब मला म्हणाले, “तो का आला नाही, हे विचारायला त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं.” म्हाताऱ्याला त्यांना सोडवता आलं नाही. ते सांगताना त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

आता शिवडीची गोष्ट. माझ्या मते साहेबांचं सगळं आयुष्य त्या एका सकाळसाठी चाललं होतं.

सुनावणीच्या तारखा आमच्याकडे वरूनच ठरून आल्या होत्या. पहिल्या तारखेला आम्ही ऑफिसात अकरापासून बसलो. कोणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला बसलो, मी वडापाव आणला, कोणी आलं नाही. आता एकच तारीख राहिली होती. ती गेली की फाईलवर ‘हक्क नाही’ असा शेरा पडणार, तिवरांचं रान राखीव होणार, आणि मग त्यात पाऊल टाकणारा गुन्हेगार. आमच्याबरोबर वन खात्याचे एक तरुण अधिकारी बसत. वाशिमकडचे, मनापासून झाडं जपणारे. तिवरांत चोरून डंपर येऊन बांधकामाचं डेब्रिज टाकत होते, दर आठवड्याला थोडं रान बुजत होतं, म्हणून त्यांना घाई होती. ते म्हणाले, “सर, कोणीच आलं नाही. बंद करूया.”

साहेबांनी मला विचारलं, “बाई, कोण आलं नाही?”

मी वैतागून म्हटलं, कोणीच नाही. “कोणीच नाही हे काही नाव नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी त्या अधिकाऱ्यांना शांतपणे कायदा सांगितला. नुसते आलेले दावे ऐकायचे नसतात. जे आले नाहीत त्यांचा काही हक्क आहे का, याची चौकशीही याच माणसाने करायची असते. ते कलम पहिल्यापासून तिथेच आहे, कुणी वापरत नाही. एवढं बोलून त्यांनी छत्री उचलली आणि आम्ही कोळीवाड्यात गेलो.

कोळीवाडा शिवडीच्या बंदराला लागून, तिवरांच्या अलीकडे. पहिल्याच घरासमोर एक कोळीणबाई, गुलाबमावशी, कालवं फोडत बसल्या होत्या. दगडाला चिकटणारी ती शिंपली, आतला माल बोटाएवढा, पण बाजारात त्यालाच मागणी. साहेबांनी त्यांना विचारलं, सुनावणीला का आला नाहीत. मावशींनी हात थांबवला नाही. “त्या दिशी उधान व्हतं. उधानाला घरान कोन बसतं?”

मी मोबाईलवर कालनिर्णय उघडलं. पहिली तारीख अमावास्या, दुसरी पौर्णिमा, तिसरी पुन्हा अमावास्या. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, पहाटे पाणी लांब ओसरतं, बायका चिखलात उतरतात, भरती लागली की माल घेऊन थेट बाजार गाठतात. पुरुष होड्या घेऊन समुद्रात. महिन्यातले जे दिवस सगळं गाव कामावर असतं, नेमक्या त्याच दिवशी अकरा वाजता परळला या म्हणून आम्ही नोटीस लावली होती. ज्याने तारखा ठरवल्या त्याचा काही दुष्टावा नव्हता. त्याने पंचांग पाहिलं नव्हतं इतकंच.

आणि नोटीस कुणी वाचली नव्हती असंही नाही. मावशींच्या सुनेने वाचून दाखवली होती. “ता कागद रानाचा,” मावशी म्हणाल्या, “आमचा रानान काय? आमी दर्यान जातंव.” चिखल, तिवरं, खाडीचा फाटा, हे सगळं त्यांच्या हिशेबी समुद्रच. दिवसातून दोनदा तो येऊन झाकून जातो, मग ते रान कसं?

साहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसले. “मावशी, तुम्ही ज्या चिखलातून जाता, तो आता रानात धरलाय.”

“धरला तं धरला. दर्यान जावाला कोनाची परवानगी?”

“आजपर्यंत कुणाची लागली नाही. पुढेही लागू नये, ते लिहून घ्यायला आलोय.”

मावशींचा हात तेव्हा थांबला. त्यांनी साहेबांकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मी साक्षीदार आहे.

तारीख बदलायचा साहेबांना अधिकार नव्हता. जागा आणि वेळ बदलायचा होता. त्यांनी रीतसर हुकूम काढला, सुनावणी सूर्योदयापासून, बंदराच्या उताराखाली, खाडीत. मावशींनी तो कोळीवाड्यात गल्लीगल्लीतून ओरडून सांगितला. त्या आवाजापुढे आमची चिकटवलेली नोटीस म्हणजे काहीच नाही.

त्या अमावास्येला उजाडायच्या सुमाराला मी शिवडीला पोचले, तर साहेब आधीच हजर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला मफलर, आणि स्वतःच्या घरचं घडीचं टेबल टॅक्सीच्या टपावरून उतरवून घेत होते. उतारावर नको म्हणाले, बायकांना वर चढावं लागेल, त्यांचा वेळ जाईल. टेबल खाली चिखलात मांडलं. चारी पाय रुतले, म्हणजे एका अर्थी भक्कमच बसलं. जवळ रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला मोठमोठ्या लेन्सा घेऊन मंडळी आली होती. त्यांनी पक्षी सोडले आणि आमचे फोटो काढायला घेतले.

तरुण अधिकारीही आले, बूट घालून. त्यांचं म्हणणं त्यांनी सरळ मांडलं, आणि ते म्हणणं खोटं नव्हतं. एक तर वाट दिली की उद्या त्या वाटेने डंपर येणार. दुसरं, वाट आहे कुठे? नकाशावर दाखवायची तर रेघ हवी. इथे सगळा सपाट चिखल, जे पाऊल उमटेल ते भरतीला पुसणार. “जी वाट रोज दोनदा पुसली जाते ती मी मान्य कशी करू, सर?”

साहेब म्हणाले, “चालून बघा. मावशी नेतील.”

अधिकारी बूट काढून निघाले. मावशी पुढे, टोपली डोक्यावर, फुटपाथवरून चालावं तशा. ते मागे. तिवरांच्या कडेपर्यंत ठीक गेले, मग काय वाटलं कोण जाणे, शहाणपणा करून दोन पावलं डावीकडून गेले आणि गुडघ्यापर्यंत आत. एक पाय काढावा तर दुसरा खोल. मावशींनी टोपली खाली ठेवली, मागे आल्या, त्यांचा दंड धरला आणि मुळा उपटावा तसं त्यांना उपटून पुन्हा मार्गावर ठेवलं. कॅमेरेवाल्यांची त्या दिवशी चंगळ होती. अर्ध्या तासाने अधिकारी परत आले ते कमरेपर्यंत काळे. टेबलासमोर उभे राहिले, श्वास घेतला आणि म्हणाले, “वाट आहे, सर. मी तिच्यावर नव्हतो.”

मी हसले नाही. म्हणजे तोंडावर हात ठेवून हसले.

मग भरती लागली, आणि पाण्याच्या पुढे पुढे बायका येऊ लागल्या. एकेक जण टोपली घेऊन टेबलाशी थांबायची, नाव सांगायची, सासू कुठून जायची, आजेसासू कुठून जायची ते सांगायची. मी गळ्यात पॅड अडकवून उभ्याने लिहीत होते. साहेब प्रत्येकीला अहो-जाहो करून, नावाने बोलावून विचारत होते, जसं त्यांच्यासमोर एकेक संस्थान येऊन उभं आहे. ओळ वाढत गेली. पाणीही वाढत गेलं. माझ्या घोट्याला लागलं, मग साहेबांच्या खुर्चीच्या पायांना. मी म्हटलं, साहेब, वर जाऊया. ते म्हणाले, ओळ संपलेली नाही. शाईचा डबा टेबलावरून पडला आणि गेला. ज्यांना सही येत नव्हती त्या म्हाताऱ्यांनी खाडीच्याच चिखलाचे अंगठे उठवले. पुढे वरच्या ऑफिसातून निरोप आला की अंगठे स्वच्छ शाईत पुन्हा घ्या. साहेबांनी उत्तर पाठवलं की याहून योग्य शाई सरकारकडे उपलब्ध नाही.

शेवटच्या बाईचं बोलणं लिहून झालं तेव्हा साहेब मांडीपर्यंत पाण्यात बसलेले होते. तरुण अधिकारी एका हाताने टेबल धरून उभे, दुसऱ्या हाताने कागदांची पिशवी डोक्यावर धरून. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला. मावशींनी कोळीवाड्यातली घरं मोठ्याने म्हणत पडताळली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाल्या, “सगली आली.” साहेब त्या दोन शब्दांवर उठले. उठताना त्यांना मला आणि अधिकाऱ्यांना मिळून ओढावं लागलं. एक चप्पल खाडीने ठेवून घेतली.

निकाल त्यांनी ऑफिसात लिहिला, मी टाइप केला. अडचण होतीच, हक्क लिहायचा कसा? वाटेची रेघ नाही. इथे मेलेले लोक उपयोगी पडले. त्या तंबूवाल्या जुन्या अधिकाऱ्यांपैकी कुणी डोंगरातल्या गावांना झऱ्यावर जायचा हक्क देताना वाट लिहीतच नसत, साहेबांनी सांगितलं. पावसाळ्यात वाट एकीकडून, उन्हाळ्यात दुसरीकडून. ते फक्त दोन टोकं लिहीत, गाव आणि पाणी. अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि डंपर? साहेब म्हणाले, पायी लिहा, डंपरला पाय नसतात. अधिकारी पहिल्यांदाच खळखळून हसले. मग त्यांनी स्वतः तीन शब्द घातले, ‘भराव न टाकता’, आणि अपील करणार नाही असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. रानही वाचलं आणि गावही. सरकारी कामात दोघांचं एकदम भलं झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

ते वाक्य मी तीनदा टाइप केलं, कारण साहेब त्यातला एकेक शब्द हातात घेऊन पारखत होते. शेवटी असं झालं, ‘कोळीवाड्यातील सर्वांना बंदराच्या उतारापासून पाणी असेल तिथपर्यंत, पायी वा होडीने, टोपलीसह, भराव न टाकता, जाण्यायेण्याचा व कालवं, शिंपल्या, चिंबोऱ्या वेचण्याचा हक्क आहे व राहील.’ साहेबांनी ते कोळीवाड्यात जाऊन मोठ्याने वाचलं. बायकांनी पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा.

साहेबांची मुदत संपली, ते दादरला घरी बसले, गुडघे कुरकुरायला लागले. मला दुसऱ्या ऑफिसात टाकलं. गेल्या हिवाळ्यात एका पौर्णिमेला मी शिवडीला गेले, निमित्त मावशींकडून कालवं आणायचं. रानाच्या कडेला आता खात्याचे खांब लागलेत, पहारा असतो. त्या सकाळी एक नवा रक्षक होता, बाहेरगावचा. त्याने कोळणींची रांग अडवली होती. राखीव जंगल आहे, आत जाता येणार नाही, परवानगी दाखवा.

मावशींनी टोपली डोक्यावरून काढलीसुद्धा नाही. त्यांनी म्हणायला सुरुवात केली, बंदराच्या उतारापासून, आणि मागची अख्खी रांग त्यांच्याबरोबर म्हणू लागली. ज्यांनी चिखलाचे अंगठे दिले होते त्या म्हाताऱ्याही, आणि ज्या त्या दिवशी शाळेत होत्या त्या मुलीही. एकही शब्द चुकला नाही. मी टाइप केलेलं सरकारी मराठी, ‘वा’ आणि ‘व’सकट, त्या बाजारात हाळी द्यावी तशा आवाजात म्हणत होत्या. रक्षक गोंधळून दोन पावलं मागे सरकला.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांना नीट ऐकू येईना, म्हणून फोन बायकांसमोर धरला आणि म्हटलं, मावशी, साहेब आहेत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, चालता चालता, खांबाला वळसा घालून, चिखलात उतरत. ‘आहे व राहील’ येईपर्यंत पुढच्या बायका पाण्याच्या वाटेला लागल्या होत्या.

मी फोन कानाला लावला. पलीकडून आधी टेबलावर बोटाने केलेली टकटक ऐकू आली.

“बाई,” साहेब म्हणाले, “जिंकलो.”